सोनगीरचा हंडा आणि फाळक्यांच्या आगकाड्या

मुंबई-आग्रा मार्गाने धुळ्याहून शिरपूरकडे निघाले की सुमारे २० किलोमीटरवर सोनगीर लागते. आपल्यापैकी बहुतेकांना ते किल्ल्यामुळे ठाऊक असते. खानदेशातल्या घरांत मात्र सोनगीरची ओळख तांब्यापितळेच्या भांड्यांनी होते. माझ्या आजीच्या लेखी सोनगीर म्हणजे हंडा आणि घंगाळ. वर किल्ला आहे हे तिच्या गावीही नव्हते. आजचा धागा त्या हंड्यापासून निघून एका चित्रपटापर्यंत जातो. थोडा लांब आहे.

गेल्या हिवाळ्यात सोनगीरच्या एका वृद्ध तांबट काकांसमोर मोबाइल रोवून मी दोन दिवस बसलो. एक लहान हंडा घडताना आरंभापासून अखेरपर्यंत टिपायचा, एवढाच बेत होता. पत्रा गोल कापला जातो, भट्टीत लाल होतो, निवतो आणि खरवईवर येतो. खरवई म्हणजे तांबटाचा लोखंडी आधार. भांडे तिच्यावर फिरवत बाहेरून ठोकायचे. ठोकता ठोकता तांबे कडक होत जाते. त्याच्या पुढे एक घाव जास्त पडला तर पत्रा तडकतो, म्हणून पुन्हा भट्टी, पुन्हा नरमाई, पुन्हा हातोडा. ही वेळ आली हे काकांना आवाजावरून कळत होते. घावाचा नाद किंचित चढला की ते हात थांबवून म्हणत, “आते हाऊ बोली राहिना.” आता हा पत्रा बोलू लागला. मला पहिल्या दिवशी दोन्ही आवाजांत काडीचाही फरक कळला नाही.

शेवटी मठारकाम. सबंध अंगावर एकसारखे, एकमेकांना चिकटून घाव. त्याने भांडे चमकते, आणि पातळ पत्र्याला बळकटीही येते. शोभा आणि उपयोग येथे वेगळे काढता येत नाहीत.

धुळ्याला इतिहासाच्या विद्यार्थ्याने बोलावे आणि राजवाड्यांचे नाव येऊ नये, असे होत नाही. इतिहासाचार्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे मिळवली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. तिथली कागदपत्रे पाहताना मला नेहमी एक रुखरुख वाटते. हंडा किती शेरांचा आणि कितीला घेतला, हे कागद सांगू शकतो. पत्रा कधी ‘बोलतो’, हे कोणता कागद सांगणार? हाताचे ज्ञान टिपायला कागद अपुरा आहे, त्याला हलते चित्र लागते. आणि आपल्याकडे हे फार लवकर ओळखणारा माणूस शेजारच्याच जिल्ह्यातला, त्र्यंबकेश्वरचा होता.

धुंडिराज गोविंद फाळके, जन्म ३० एप्रिल १८७०. आपण त्यांना ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’मुळे ओळखतो. पण त्याआधीचे फाळके पाहा: जे. जे. कलाशाळा, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातील नोकरी, लोणावळ्याला राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातील शिळाछाप, शिवाय ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने जादूचे प्रयोग. (फाळके हे नाव उलटे वाचा.) हा साहित्यिक पिंड नव्हे; हा कारागिराचा पिंड आहे.

१९१२ मध्ये विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र ठरवून आले. कच्ची फिल्म विनाछिद्राची येई. अंधारात बसून तिला छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करीत. रसायने तयार करणे आणि फिल्म धुणेही त्या शिकल्या. स्वयंपाकघर हीच प्रयोगशाळा होती. भारतीय चित्रपटाचे जनकत्व सांगताना हा अंधारातला हात आपण फार घाईने ओलांडतो.

भांडवलदाराला पटवण्यासाठी फाळक्यांनी केलेला पहिला प्रयोग म्हणजे ‘अंकुराची वाढ’. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा रोखून ठेवला आणि त्याचा वेल होईपर्यंत चित्रे घेतली. महिनाभर रोज एक चौकट घेतली, असे सर्वत्र लिहिलेले आढळते. चित्रपट मिनिटभराहून थोडा मोठा होता, असेही लिहिलेले असते. आता जरा हिशेब करू. मूकपटाचा वेग सेकंदाला साधारण १६ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९६०. रोज एक या दराने महिन्यात होतील ३०, म्हणजे पुरते दोन सेकंदही नाहीत. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. मिनिट खरे धरले तर रोज तीसेक चौकटी घेतल्या असल्या पाहिजेत. मला हा हिशेब दंतकथेपेक्षा अधिक आवडतो, कारण त्यातून दिवसाकाठी तीस वेळा त्या कुंडीपाशी येणारा माणूस दिसतो.

१९१५ मध्ये त्याच पद्धतीने ‘आगकाड्यांची मौज’ झाली. पहिल्या महायुद्धाने कच्च्या फिल्मचा पुरवठा आखडला होता, मोठे पट अवघड झाले होते. तेव्हा या गृहस्थाने आगकाड्या घेतल्या, कणाकणाने सरकवल्या आणि त्यांना चालते केले. फ्रान्समध्ये एमिल कोलने १९०८ मध्येच काड्या नाचवल्या होत्या, त्यामुळे जगात पहिले वगैरे म्हणायचे कारण नाही. मला महत्त्वाचे वाटते ते नाव. पुराणकथांचे पट काढणारा माणूस एका चित्रपटाला ‘मौज’ म्हणतो. मी हे मोबाइलवर करून पाहिले. बारा काड्या, सबंध दुपार, आणि हाती आले नऊ सेकंद. मान अवघडली होती, तरी ते नऊ सेकंद मी कितीदा पाहिले हे सांगायची सोय नाही.

आणि मग १९१७ चा ‘चित्रपट कसे तयार करतात’. येथे फाळके स्वतःच्याच हातांकडे कॅमेरा वळवतात: नटांना समजावणारे फाळके, फिल्मची पट्टी धरून न्याहाळणारे फाळके. गुपित राखण्यावर ज्याचा धंदा चालतो त्या जादूगाराने आपली पेटी प्रेक्षकांसमोर उघडावी, तसे हे आहे. ‘आगकाड्यांची मौज’ आज उपलब्ध नाही; नायट्रेट फिल्म ज्वलनशील आणि नासणारी. या चित्रपटाचा मात्र काही भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात वाचला आहे. हे संग्रहालय स्थापन झाले १९६४ मध्ये, फाळक्यांच्या निधनानंतर वीस वर्षांनी.

सोनगीरला स्टीलने आणि प्लास्टिकने जे केले त्याची आकडेवारी मी देणार नाही. आपापल्या घरातील फडताळ उघडून पाहावे. काकांचा मुलगा ठोकीव काम करीत नाही.

चित्रफीत जोडून झाल्यावर मी पुन्हा सोनगीरला गेलो. अकरा मिनिटांची होती. काकांनी चष्मा पुसला, मोबाइल हातभर लांब धरला आणि काही न बोलता पाहिले. सातव्या मिनिटाच्या सुमारास बोट ठेवून मला थांबवायला लावले. मागे घेऊन तेवढाच तुकडा तीनदा पाहिला. मला वाटले, आवडले असावे. ते म्हणाले, “हा घाव तिरका बसला आहे.” मग उठून आतून तोच हंडा आणला, खिडकीपाशी नेऊन उजेडात फिरवला आणि ती जागा बोटाने बरोबर शोधून काढली.