इलेक्ट्रिक गाड्या, एकमोटर व दुमोटर (रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात)

बॅटरीवर चालणाऱ्या चारचाकीचे मोटरींच्या संख्येवरून पडणारे दोन प्रकार. एकमोटर गाडीत पुढची किंवा मागची दोनच चाके ओढ घेतात. दुमोटर गाडीत पुढे एक आणि मागे एक मोटर असल्याने चारही चाके ओढतात. डिझेलच्या फोर-व्हील-ड्राइव्हमधला लांब शाफ्ट इथे लागत नाही. कुठल्या मोटरीने किती जोर लावायचा हे संगणक ठरवतो, आणि चाक घसरू लागले की क्षणार्धात ते प्रमाण बदलतो.

टाटा नेक्सॉन ईव्ही (2020) पुढच्या मोटरची. महिंद्रच्या चाकणला बनणाऱ्या बीई 6 व एक्सईव्ही 9ई (2024) मागच्या. तुलनेला सर्वांत सोयीची गाडी म्हणजे जून 2025 मध्ये आलेली टाटा हॅरिअर ईव्ही, कारण 75 युनिटची तीच बॅटरी दोन्ही रूपांत मिळते. मागच्या एका मोटरीची ताकद 238 पीएस व टॉर्क 315 न्यूटन-मीटर. दोन मोटरींची मिळून 396 पीएस व 504 न्यूटन-मीटर. बाजारात येताना वरच्या श्रेणीत दोन्हींच्या किमतीत दीड लाखाचा फरक होता. चाचणीतली रेंज मात्र 627 आणि 622 किलोमीटर, म्हणजे जवळपास सारखीच. दुसरी मोटर रेंज खाऊन टाकते ही समजूत या गाडीपुरती तरी खरी नाही. पुढची मोटर इंडक्शन प्रकारची आहे. तिच्यात कायमचे चुंबक नसल्याने गरज नसताना ती बंद ठेवता येते आणि फुकट फिरताना फारशी अडत नाही.

साखरप्याहून आंबा घाट चढण्यासाठी दोन मोटरी हव्यात असे अनेकांना वाटते. तशी गरज नाही. सव्वादोन टनांची गाडी 500 मीटर उंच न्यायला निव्वळ 3 युनिटच्या आसपास वीज लागते, मोटर एक असो की दोन. डांबरी घाटाला एका मोटरीची ताकद पुरून उरते. रत्नागिरीत खरा प्रश्न ताकदीचा नसून पकडीचा आहे. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. वाडीकडे उतरणाऱ्या अरुंद घाटीवर जांभ्याला शेवाळ धरते, कडेला तांबडा चिखल साचतो. अशा चढावर गाडीचे वजन मागे सरकते, पुढची चाके हलकी पडतात. म्हणून पुढच्या मोटरीची गाडी जागच्या जागी चाके फिरवत राहते. मागच्या मोटरीची गाडी त्याच जागी बरी चढते. दुमोटर गाडी सर्वांत निर्धास्त, कारण एका जोडीची पकड सुटली तरी दुसरी जोडी ओढत राहते.

उतारावर गणित उलटते. वजन पुढे येते, आणि मोटर चाकांना रोधून वीज परत मिळवते. ती फक्त मागच्या चाकांवरून मिळवणाऱ्या गाडीला ओल्या रस्त्यावर तो रोध जपून लावावा लागतो. दुमोटर गाडी तो चारही चाकांवर वाटते. घाटमाथ्यावर बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर वीज परत साठवायला जागाच नसते. तेव्हा भार साध्या ब्रेकवर येतो.

ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरात थांबेल हे मोटरींवर नव्हे, टायरवर ठरते. दुमोटर गाडी चिखलातून सहज सुटते म्हणून चालक वळणावर वेग वाढवतो, आणि गुळगुळीत टायर तिथेच दगा देतात. पुराच्या पाण्यातही दुसरी मोटर तारत नाही. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी चढले, तसल्या पाण्यात कुठलीच गाडी घालू नये.

घर डांबरी रस्त्याला लागून असेल आणि फेऱ्या रत्नागिरी-कोल्हापूर अशा हमरस्त्यावरच्या असतील, तर मागच्या मोटरीची गाडी पुरेशी आहे; वाचलेल्या पैशांतून पावसाळ्याआधी चांगले टायर घ्यावेत. वाडीची चढण कच्ची असेल आणि पावसाळ्यात रोज तिथूनच ये-जा असेल, तर दुमोटर गाडीचे जादा पैसे वाया जात नाहीत.