गर्भनिरोधक गोळ्या आणि पाळीचा रक्तस्राव

गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना येणारी पाळी नेहमीच्या पाळीसारखी दिसत असली, तरी तिचे कारण वेगळे असते. एरवी अंडाशयातून बीज सुटल्यानंतर गर्भ राहिला नाही, तर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची पातळी घसरते आणि गर्भाशयाचा जाड झालेला अंतःस्तर गळून रक्तावाटे बाहेर पडतो. दोन संप्रेरके असलेल्या संयुक्त गोळीमुळे बीज सुटणे थांबते व अंतःस्तर पातळच राहतो. त्यामुळे गोळ्यांतील खंडाच्या काळात होणारा स्राव थोडा, कमी दिवसांचा आणि बहुधा कमी दुखणारा असतो.

सरकारी दवाखान्यांत मोफत मिळणाऱ्या 'माला-एन'च्या पाकिटात २१ गोळ्या लेव्होनॉरजेस्ट्रेल व इथिनाइल इस्ट्राडायॉल या संप्रेरकांच्या, तर ७ गोळ्या लोहाच्या असतात. पाळी येते ती या लोहाच्या गोळ्यांच्या दिवसांत, आणि ती थांबलेली नसली तरी पाकीट संपताच दुसऱ्या दिवशी नवे सुरू करावे लागते. रक्तक्षय सर्रास आढळणाऱ्या देशात स्राव घटणे हा या गोळ्यांचा मोठाच लाभ म्हटला पाहिजे.

पहिल्या तीन महिन्यांत मधूनच डाग पडणे सामान्य असून तेवढ्यावरून गोळ्या सोडू नयेत. गोळी चुकल्यास किंवा क्षयरोगावरील रिफाम्पिसिन चालू असल्यासही डाग पडतात, मात्र तेव्हा गोळीचा परिणाम उणावलेला असू शकतो. कधी पाळी येतच नाही. अशा वेळी 'रक्त पोटात साठते' ही भीती अनाठायी आहे, कारण बाहेर पडण्याजोगा अंतःस्तर मुळात तयारच झालेला नसतो. तथापि, गोळ्या चुकल्या असतील किंवा सलग दोनदा पाळी आली नसेल, तर गर्भचाचणी करावी. तीन महिन्यांनंतरही अनियमित स्राव चालू राहिल्यास किंवा संबंधानंतर रक्त गेल्यास तपासणी आवश्यक ठरते. अशा रक्तस्रावाचा दोष परस्पर गोळीवर टाकल्याने गर्भाशयमुखाचा आजार नजरेआड होऊ शकतो.

केवळ प्रोजेस्टोजेन असलेल्या गोळीने पाळीचे वेळापत्रक बिघडण्याचा संभव अधिक असतो. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेली सेंटक्रोमन अर्थात 'छाया' ही गोळी संप्रेरकविरहित असून पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व नंतर एकदा घेतली जाते. तिने पाळी लांबू शकते, पण १५ दिवसांहून अधिक लांबल्यास गर्भ नसल्याची खात्री करावी लागते. सणवारी पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतली जाणारी नॉरइथिस्टेरॉनची गोळी थांबवल्यावर साधारणपणे दोन-तीन दिवसांत पाळी येते, परंतु या वापरात तिच्यावर गर्भनिरोधक म्हणून विसंबता येत नाही.