धुळ्याच्या तुरुंगातले कुरुक्षेत्र

१९३२ सालच्या आरंभी सविनय कायदेभंगाची चळवळ पुन्हा पेटली आणि धुळ्याचा तुरुंग सत्याग्रह्यांनी भरून गेला. त्यांत विनोबा भावे होते, जमनालाल बजाज होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातली मास्तरकी सोडून चळवळीत पडलेले साने गुरुजीही होते. २१ फेब्रुवारीच्या रविवारी विनोबा सोबत्यांपुढे गीतेवर बोलू लागले. दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार. १९ जूनला समारोप झाला; म्हणजे खानदेशचा सारा उन्हाळा या प्रवचनांत गेला.

आता यातली अडचण पाहा. श्रोते अहिंसेचे व्रत घेतलेले, आणि ग्रंथ तर सांगतो, ऊठ, धनुष्य उचल! बरे, लढायचे तरी कुठे? बाहेरचे रणांगण भिंतीपलीकडे राहिलेले. अशा माणसाला गीतेत विसावा मिळावा कसा?

‘हे सगळे रूपक आहे’ म्हणून विनोबांना मोकळे होता आले असते. गांधीजींनी ‘अनासक्तियोगा’त, १९३० साली, हे युद्ध माणसाच्या हृदयातले मानलेच होते. पण विनोबा आधी अर्जुनालाच धारेवर धरतात. त्याचे वैराग्य ही अहिंसा नव्हे, स्वजनांचा मोह आहे, असे ते म्हणतात. दाखला देतात तो एका न्यायाधीशाचा. शेकडो गुन्हेगारांना त्याने फाशी दिलेली. पण खुनाच्या आरोपावरून स्वतःचा मुलगा समोर उभा राहताच त्याला फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागते. घरदार सोडून आलेल्या कैद्यांना हा दाखला बोचला असणार.

मग सोळाव्या अध्यायात लढाई उघडच अंतःकरणात येते. दैवी गुणांची एक फौज, आसुरी गुणांची दुसरी. दैवी फौजेच्या आघाडीला अभय आणि पिछाडीला नम्रता! ही रचना मला फार मार्मिक वाटते. तुरुंगात शिरताना आधी भीती जिंकावी लागते. आणि भीती गेली की ‘आम्ही तुरुंग भोगला’ हा अहंकार मागच्या दाराने हळूच आत येतो. तिथे पहारा हवाच.

खरे सांगायचे तर, भीष्मद्रोणांच्या संहाराला निव्वळ रूपक म्हणणे मला पटत नाही. मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिणाऱ्या टिळकांनाही ते रुचले नसते. पण कोठडीतल्या माणसाला या वाचनाने एक गोष्ट दिली. त्याचे रणांगण कोणी काढून घेऊ शकत नव्हते. मिळालेली शांती ही लढाईतून सुटका नव्हती. लढाईत आपली जागा सापडल्याची होती.

विनोबांची ‘गीताई’ही त्याच वर्षी धुळ्यातच छापून निघाली. प्रवचने मात्र तोंडी होती, ती हवेत विरायची. साने गुरुजी समोर बसून भराभर उतरवून घेत राहिले, म्हणून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आज आपल्या हाती आहे.