जठराची खिडकी आणि तिचा मालक

'जठराग्नी' हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की पोटात खरोखर अग्नी आहे काय, हा प्रश्न मनात येत नाही. युरोपात मात्र या प्रश्नावर दीर्घकाळ वाद चालला. अन्न जठरात दळले जाते, शिजते की कुजते? रेओम्यूरने घारीला अन्न भरलेल्या धातूच्या नळ्या गिळायला लावल्या. स्पालांझानीने अन्नाच्या कापडी पिशव्या स्वतःच गिळल्या. पण जिवंत माणसाच्या जठरात डोकावण्याची संधी मिळाली ती एका अपघाताने.

६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॉ बेटावर बंदूक चुकून उडाली आणि अलेक्सिस सेंट मार्टिन हा फ्रेंच-कॅनडियन हमाल-नावाडी घायाळ झाला. लष्करी शल्यविशारद विल्यम बोमाँट याने त्याला वाचवले. परंतु जठरापर्यंत पोचणारे छिद्र कायमचे राहिले. १८२५पासून बोमाँट रेशमी दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे त्या छिद्रातून आत सोडू लागला. जठररस कुपीत काढून, शरीराएवढी ऊब दिली की मांस तेथेही विरघळते, हे त्याने पाहिले. म्हणजेच पचन ही रासायनिक क्रिया होय. त्या रसातील हायड्रोक्लोरिक आम्ल प्राउटने १८२४मध्येच जाहीर केले होते. पेप्सिन हे विकर श्वानने १८३६मध्ये शोधले. जठराच्या अस्तरातील ग्रंथींत काही पेशी आम्ल स्रवतात, तर काही पेप्सिनोजेन. आम्लात त्याचेच पेप्सिन होते आणि ते प्रथिने तोडते. अस्तराला वाचवतो तो श्लेष्मा.

बोमाँटचा ग्रंथ १८३३मध्ये प्रसिद्ध झाला. सेंट मार्टिनच्या रागाचा त्याच्या पचनावर होणारा परिणामही त्याने टिपून ठेवला. त्या रागाचे कारण मात्र त्याच्या अभ्यासाचा विषय झाले नाही. १८३२च्या करारानुसार वर्षभर जठर प्रयोगासाठी देण्याचा मोबदला होता १५० डॉलर आणि राहणे-जेवण. करारावर सेंट मार्टिनची सही नव्हती, होती केवळ फुली. १८३४मध्ये तो कॅनडात परतला आणि बोमाँटने वारंवार बोलावूनही पुन्हा गेला नाही.

१८८०मध्ये तो वारला, तेव्हा डॉक्टरांना त्याचे जठर हवे होते. कुटुंबीयांनी देह कुजेपर्यंत घरी ठेवला आणि मग खोल खड्ड्यात पुरला. पाठ्यपुस्तकांतील पचनाच्या प्रकरणामागे हा नकारही उभा आहे. ज्ञान सर्वांचे असते हे खरे. पण जठर त्याचे होते.