घरच्या बेकरी पदार्थांचा भाव कसा काढावा

दिवाळीच्या आधी डब्यात मैदा, पिठीसाखर आणि तूप भरून बेकरीत जायचे, समोर थांबून नानकटाई भाजून घ्यायची आणि गरम डबा कपड्यात गुंडाळून घरी आणायचा, ही आठवण आपल्यातल्या बऱ्याच घरांत आहे. सामान आपले आणि भट्टी बेकरीवाल्याची. तो किलोमागे भाजणावळ घ्यायचा आणि ती देताना कोणाला वावगे वाटत नसे.

आता ओटीजी घराघरांत आले आहेत. आपल्या मंडळातल्या अनेक भगिनी नानकटाई, बिस्किटे, खारी आणि वाढदिवसाचे केक घरून विकतात. भट्टी स्वयंपाकघरात आली, पण हिशेबातून भाजणावळ मात्र निघून गेली. सामानाचे पैसे सुटले की काम झाले, असे धरले जाते.

आपल्याच एका सभासद भगिनीने दोन वर्षे हे काम केले. ऑर्डर भरपूर होत्या, कौतुकही भरपूर होते. पुढे किराण्याची वही आणि विक्रीची वही शेजारी ठेवून पाहिली तेव्हा कळले, की दिवसभर उभे राहून हाती जवळजवळ काहीच उरत नव्हते. ओव्हनची कॉइल गेली तेव्हा ती बदलायला घरखर्चातून पैसे घ्यावे लागले. काम बंद झाले. भाव कसा लावावा हे आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते, असे त्या म्हणाल्या. म्हणून आम्ही ही माहिती एका ठिकाणी मांडत आहोत.

भावात काय काय धरावे

१. सामान: मैद्यापासून वेलचीपर्यंत सगळे. घरच्या डब्यातून घेतलेली साखरही विकतचीच असते.

२. पॅकिंग: डबा किंवा पाकीट, लेबल, केकसाठी पुठ्ठ्याचा बेस आणि खोका.

३. वीज किंवा गॅस.

४. मजुरी: तयारी, भाजणे, भांडी घासणे आणि पॅकिंग यांचा सगळा वेळ.

५. झीज: ओव्हन, बीटर, वजनकाटा, ट्रे यांची किंमत थोडीथोडी वसूल व्हायला हवी.

६. ने-आण: बाजारात जाणे आणि ऑर्डर पोहोचवणे.

७. नुकसान: तुटलेला, करपलेला किंवा न विकलेला माल.

८. नफा.

मजुरी आणि नफा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मजुरी आपल्या हातांची. नफा धंद्याचा, त्यातून पुढचा ओव्हन येतो आणि तुपाचा भाव अचानक चढला तर तोल सांभाळला जातो. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचे काम सुरू केले. त्या संस्थेत पापड लाटणाऱ्या बहिणीला वजनावर लाटणावळ मिळते आणि नफ्याचा हिशेब त्यानंतर होतो. घरी एकटीने काम करणारीनेही हीच रीत ठेवावी.

एक किलो साजूक तुपातली नानकटाई

खालचे दर उदाहरणासाठी धरले आहेत. आपापल्या पावतीवरचे दर त्या जागी घालावेत.

मैदा ५०० ग्रॅम (४० रु. किलो): २० रु.
रवा ५० ग्रॅम: २ रु.
बेसन ५० ग्रॅम: ५ रु.
पिठीसाखर ३०० ग्रॅम: १४ रु.
साजूक तूप ३०० ग्रॅम (६०० रु. किलो): १८० रु.
वेलची, जायफळ, सोडा: १२ रु.
सामान एकूण: २३३ रु.

सगळे मिळून कच्चे वजन १,२०० ग्रॅम होते. भाजताना थोडे घटते. तुटलेली, जास्त लाल झालेली आणि चव पाहिलेली बाजूला काढली की विकण्याजोगी एक किलो धरावी. कच्च्या वजनावर भाव काढणे ही पहिली मोठी चूक असते. दर वेळी भाजून गार झाल्यावर माल काट्यावर ठेवावा.

पाव किलोचे चार डबे, लेबलसह: ४० रु.
वीज: १४ रु.
मजुरी, अडीच तास (६० रु. ताशी): १५० रु.
झीज: ३० रु.
ने-आण: २० रु.
येथपर्यंत: ४८७ रु.
नुकसान, सुमारे ५ टक्के: २३ रु.
एकूण खर्च: ५१० रु.

वीज अशी मोजली: १,५०० वॅटचा ओव्हन, १० मिनिटे तापवणे आणि २० मिनिटांचे तीन ट्रे, म्हणजे ७० मिनिटे. त्याला जास्तीत जास्त पावणेदोन युनिट लागतात. ८ रुपये युनिट धरले तर १४ रुपये. झीज अशी मोजली: ओव्हन आणि इतर साधने मिळून ९,००० रुपये आणि त्यांतून ३०० बॅच, म्हणजे बॅचमागे ३० रुपये.

मजुरीचा दर ठरवताना एकच प्रश्न विचारावा: उद्या आजारी पडले आणि हेच काम दुसऱ्या बाईला सांगितले, तर तिला ताशी किती द्यावे लागतील? त्यापेक्षा कमी दर स्वतःला लावू नये.

नफा कशावर मोजायचा

"वीस टक्के नफा" या शब्दांत नेहमी घोळ होतो. ५१० च्या खर्चावर २० टक्के चढवले तर भाव ६१२ रुपये येतो आणि नफा १०२ रुपये. पण विक्रीच्या प्रत्येक १०० रुपयांतले २० आपले राहावेत असे हवे असेल, तर खर्चाला ०.८० ने भागावे: ५१० ÷ ०.८० = ६३७.५०. म्हणजे भाव ६४० रुपये किलो, पाव किलोचा डबा १६० रुपये. आम्ही ही दुसरी पद्धत सुचवतो, कारण सूट किती झेपेल ते तिच्यात लगेच दिसते.

६४० वर १० टक्के सूट दिली की हातात ५७६ येतात. नफा १३० वरून ६६ वर येतो. सूट दहा टक्क्यांची, पण नफा निम्मा गेला. सूट बोलण्याआधी हा आकडा डोळ्यांसमोर आणावा.

"सामानाच्या तिप्पट" हा हिशेब कुठे फसतो

सामानाचा खर्च काढा आणि तिप्पट करा, हा सल्ला आपण सगळ्यांनी ऐकला आहे. वरच्या नानकटाईला तो लावला तर ६९९ रुपये येतात. म्हणजे चालून जाते. आता तीच नानकटाई १५० रुपये किलोच्या वनस्पती तुपात करू. तूप ४५ रुपयांचे, सामान एकूण ९८. तिप्पट केली की २९४. पण डबे, वीज, मजुरी, झीज आणि ने-आण काही कमी होत नाहीत. त्यांचे २५४ रुपये तसेच राहतात. नुकसान धरून खर्च ३७० वर जातो. तिप्पट भाव लावूनही किलोमागे ७६ रुपये तोटा!

सामान जितके स्वस्त आणि हातकाम जितके जास्त, तितका हा हिशेब जास्त फसतो. रंगीत आयसिंगची छोटी बिस्किटे आणि कप केक यांत तो हमखास बुडवतो. सुकामेव्याच्या केकला उलट विनाकारण महाग करतो.

साजूक तुपाच्या नानकटाईत सामानाचा तीन चतुर्थांशांहून जास्त खर्च एकट्या तुपाचा आहे, हेही यातून दिसते. म्हणून साजूक आणि वनस्पती यांचे दर वेगळे ठेवावेत आणि लेबलवर तसे स्पष्ट लिहावे. सणापूर्वी तुपाचा भाव बदलला की दरपत्रक बदलावे. बाकी जिन्नसांचा फेरविचार तीन महिन्यांनी केला तरी चालतो.

भाव खरोखर उतरवायचा असेल तर बॅच मोठी करावी. तीन किलो नानकटाईला साडेसात तास लागत नाहीत. नीट आखणी केली तर पाच तासांत काम होते. मजुरी किलोमागे १५० वरून १०० वर येते. ऑर्डर रोज थोड्या घेण्यापेक्षा आठवड्याचे दोन दिवस ठरवून भट्टी लावणे म्हणून फायद्याचे. ग्राहकाला १६० रुपये जड वाटत असतील तर १०० ग्रॅमचे छोटे पाकीट ठेवावे. त्याच्या पॅकिंगचा हिशेब मात्र वेगळा करावा, कारण पाकिटे वाढतात.

केकचा हिशेब वेगळा

केकमध्ये खरा वेळ भाजण्यात जात नाही. तो गार होईपर्यंत थांबणे, आयसिंग, नाव लिहिणे आणि त्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोंची देवाणघेवाण, यांत जातो. म्हणून केकचा भाव दोन भागांत सांगावा: साध्या केकचा वजनावर आणि सजावटीचा वेळेवर. "अमुक फोटोसारखा" केक हवा असेल तर दर फोटो पाहूनच सांगावा. निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत. नाव लिहिलेला केक रद्द झाला तर तो दुसऱ्या कोणाला विकता येत नाही.

वजनाबाबत एक गोष्ट. एक पाउंड म्हणजे ४५४ ग्रॅम. अर्धा किलो सांगून पाउंडाचा केक दिला तर ग्राहकाचे ४६ ग्रॅम जातात, आणि पाउंडाचे पैसे घेऊन अर्धा किलो दिला तर आपले जातात. विक्री ग्रॅम आणि किलोतच करावी. वजनमापाचा कायदाही तेच सांगतो.

उन्हाळ्यात क्रीमचा केक वारासिवनी किंवा कटंगीला पोहोचवायचा तर बर्फ, खोका आणि गाडी यांचा खर्च वेगळा लावावा. वाटेत केक बिघडला तर जबाबदारी कोणाची, हे आधीच बोलून घ्यावे.

नोंदणी आणि गोंदियाची ऑर्डर

अन्नपदार्थ विकणाऱ्याला, तो घरून विकत असला तरी, एफएसएसएआयची नोंदणी लागते. २०११ च्या नियमांनी वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या व्यावसायिकांसाठी साधी नोंदणी आणि वर्षाला १०० रुपये शुल्क ठरवले. अर्ज ऑनलाइन होतो. अशा मर्यादा वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्ज करताना पोर्टलवर पाहून घ्यावे. नोंदणी क्रमांक, निव्वळ वजन, घटक आणि तारीख लेबलवर असावी.

राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याला उलाढाल ४० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी नसताना ग्राहकाकडून जीएसटी वेगळा लावून घेता येत नाही. खरेदीत आपण भरलेला कर मात्र आपल्या खर्चातच येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून केक आणि बिस्किटांवरचा दर १८ वरून ५ टक्के झाला आहे.

आपल्या बालाघाटकरांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. आपल्या सोयरिकी गोंदिया, भंडारा, नागपूरकडे. तिकडच्या ऑर्डर सहज येतात आणि गोंदिया आपल्याला परके वाटतच नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र ते दुसरे राज्य आहे. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकून पाठवायचा असेल तर ४० लाखांची सवलत लागू होत नाही. पहिल्या ऑर्डरपासून नोंदणी लागते. नियमित ऑर्डर घ्यायच्या असतील तर आधी कर सल्लागाराला भेटावे आणि त्याची फी खर्चात धरावी.

भीड

हिशेब बरोबर केला तरी भाव सांगताना जीभ अडखळते. समोर वहिनी असतात, मुलाच्या शाळेतल्या बाई असतात, नाहीतर मंडळातल्या काकू. "घरचंच तर आहे, एवढे कसे?" असे त्या सहज म्हणतात आणि आपण ६४० चे ४५० करून मोकळ्या होतो. भीड भिकेची बहीण, असे जुनी माणसे उगाच म्हणत नसत.

यावर उपाय साधा आहे. नवरात्रातच दरपत्रक लिहून सगळ्यांना पाठवावे. लिहिलेल्या दरावर घासाघीस कमी होते. नात्यातल्या कोणाला द्यायचेच असेल तर एक डबा भेट म्हणून द्यावा आणि वहीत "भेट" असे लिहावे. भेट दिल्याने भाव मोडत नाही. दर कमी केला की पुढच्या वेळी तोच भाव मागितला जातो. मंडळाच्या कार्यक्रमासाठीही हेच. देणगी द्यायची तर देणगी म्हणून द्यावी, विकायचे तर दराने विकावे.

हे सांगायला आणखी एक कारण आहे. आपल्यात काही जणी हे काम हौसेने करतात, तर काही जणींचे घर त्यावर चालते. हौसेने करणारीने ४०० रुपये किलो लावले, की शेजारच्या गल्लीतल्या दुसरीला ६४० मागताना ऐकून घ्यावे लागते. पहिलीला त्या तोट्याचे काही वाटत नाही. दुसरीच्या मुलांची फी अडते. बरोबर भाव लावणे हे म्हणून एकमेकींसाठीही आहे.

आणि विकत घेणाऱ्या सभासदांना आमची एक विनंती. पूर्वी भट्टीवर उभे राहून भाजणावळ देताना आपण घासाघीस करत नव्हतो. आता भट्टी आपल्याच ताईच्या घरात आहे. तिची भाजणावळही तशीच देऊ या.