नोत्र दाम आणि मध्ययुगाची ओढ

१५ एप्रिल २०१९ हा पवित्र सप्ताहातील सोमवार होता. त्या संध्याकाळी पॅरिसच्या नोत्र दाम महामंदिराच्या छपराने पेट घेतला आणि पाहता पाहता त्याचा उंच, निमुळता मनोरा ज्वाळांत कोसळला. सीन नदीच्या काठी जमलेले लोक मरियेची गीते गात होते. पुढे जवळजवळ १५० देशांतील सुमारे ३,४०,००० लोकांनी पुनर्बांधणीसाठी ८४ कोटींहून अधिक युरो दिले. ज्या युगाची आपण 'अंधारयुग' म्हणून सहज बोळवण करतो, त्या युगातील एका वास्तूसाठी विज्ञानयुगातील जगाने इतके हळहळावे, हे कसे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण प्रथम ११६३ सालाकडे वळू. त्या वर्षी बिशप मॉरिस द स्युली यांच्या पुढाकाराने बांधकामास प्रारंभ झाला. ११८२ साली मुख्य वेदीचे अभिषेचन झाले. ११९६ साली बिशप स्युली निवर्तले, तेव्हा दर्शनी मनोऱ्यांचा पत्ताही नव्हता. ते उभे राहण्यास १२५० साल उजाडावे लागले आणि उरलेली कामे तर चौदाव्या शतकापर्यंत चालली. ज्याने पहिला आराखडा आखला, त्या स्थपतीचे नावदेखील आज कोणास ठाऊक नाही.

तरीही या वास्तूवर जगाचे सदैव प्रेम होते, असे मुळीच नाही. १७९३ साली क्रांतीच्या उन्मादात दर्शनी भागावरील २८ राजांच्या मूर्तींचा शिरच्छेद करण्यात आला. ते यहुदाचे, म्हणजे बायबलमधील राजे होते. जमावाने त्यांना फ्रान्सचे राजे मानले. त्यांपैकी २१ मस्तके १९७७ साली पॅरिसमधील एका इमारतीच्या कामात जमिनीखाली सापडली. पुढे १८३१ मध्ये व्हिक्टर ह्यूगो यांची या महामंदिरावरील कादंबरी प्रसिद्ध झाली आणि मोडकळीस आलेल्या या वास्तूकडे वाचकांचे लक्ष वेधले गेले. १८४४ पासून लास्यू आणि व्हियोले-ल-द्यूक या वास्तुविशारदांनी जीर्णोद्धार हाती घेतला.

येथे एक गंमत ध्यानी घेतली पाहिजे. २०१९ मध्ये जो मनोरा कोसळताना जगाने पाहिला, तो मध्ययुगीन नव्हताच. जुना मनोरा अठराव्या शतकाच्या अखेरीस उतरवला गेला होता. हा १८५९ साली पूर्ण झालेला, व्हियोले-ल-द्यूक यांच्या कल्पनेतला. कठड्यावर हनुवटी टेकून शहर न्याहाळणारे ते प्रसिद्ध चित्रविचित्र प्राणीही त्यांनीच बसवले. आपण ज्याला मध्ययुग म्हणून कवटाळतो, त्यातील बराच भाग एकोणिसाव्या शतकाने स्वतःच्या ओढीतून घडवलेला आहे. त्याच शतकातील गॉथिक शैलीच्या पुनरुज्जीवनाची लाट मुंबईपर्यंत पोहोचली. १८८८ साली पूर्ण झालेल्या, आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या टोकदार कमानी आणि छपराजवळून डोकावणारे दगडी प्राणी ही त्याच ओढीची अपत्ये होत. रोज लोकल पकडण्याच्या घाईत आपण त्यांच्याकडे मान वर करून पाहत नाही, एवढेच.

मात्र ओढ आंधळी असू नये. ज्या ११८२ साली वेदीचे अभिषेचन झाले, त्याच वर्षी राजा दुसरा फिलिप याने आपल्या राज्यातून यहुदी लोकांना हाकलून दिले. महामंदिराच्या दर्शनी भागावर सिनेगॉग ही डोळे झाकलेल्या, पराभूत स्त्रीच्या रूपात कोरलेली होती. जीर्णोद्धारात तीच प्रतिमा पुन्हा घडवण्यात आली. यहुद्यांविषयीच्या या तुच्छतेचा त्याग ख्रिस्तसभेने १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात स्पष्ट शब्दांत केला. मध्ययुगाचा वारसा आपला म्हणायचा, तर त्यातील ही वेदनाही आपलीच म्हणावी लागेल. नुसत्या रंगीत काचांतून पाहिलेला इतिहास सुंदर दिसतो, परंतु खरा दिसत नाही.

मग त्या युगात असे काय आहे, जे आजही माणसाला बोलावते? आमच्या मते त्याचे उत्तर आगीनंतरच्या पाच वर्षांत मिळाले. काचेचे छप्पर, नव्या धर्तीचा मनोरा अशा नाना सूचना पुढे आल्या होत्या. २०२० साली मात्र निर्णय झाला, की सारे पूर्वी होते तसेच उभारावे. सुमारे २,००० ओक वृक्ष निवडण्यात आले आणि छपराच्या अनेक तुळया सुतारांनी कुऱ्हाडीने, हातांनी तासल्या. त्यांतील काहींनी हे कसब गेदलाँ येथे मिळवले होते. बर्गंडीतील या ठिकाणी १९९७ पासून केवळ मध्ययुगीन साधनांनी एक किल्ला बांधला जात आहे. तेव्हा जगाला भुरळ पडते ती केवळ जुन्या दगडांची नव्हे. आपण शेवट पाहणार नाही हे ठाऊक असूनही मन लावून काम करणाऱ्या हातांची ती भुरळ आहे. ८ डिसेंबर २०२४ रोजी महामंदिराच्या नव्या वेदीचे अभिषेचन झाले. त्या मिस्साच्या वेळी वर जे छप्पर होते, त्याच्या तुळयांना जुन्या सुतारांनीही आपलेच काम म्हणून ओळखले असते.

आमच्या धर्मग्रामांतही बांधकामे निघतात, देणग्या गोळा होतात. पंख्याच्या पात्यावरसुद्धा देणगीदाराचे नाव वाचावयास मिळते. त्यात गैर काही नाही; कृतज्ञता व्यक्त झालीच पाहिजे. परंतु नोत्र दामच्या त्या अनामिक स्थपतीचे स्मरण ठेवून, आपल्या नावाचा दगड न बसवता नातवंडांसाठी एखादे काम अर्धे का होईना उभारून ठेवण्याची इच्छा आपल्यात उरली आहे काय, हे एकदा स्वतःला विचारावयास हवे. मध्ययुगाकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. त्यात हे सर्वांत अवघड, म्हणूनच सर्वांत मोलाचे.