कॅलिफोर्निया : घरावरील ‘मेकॅनिक्स लीन’ व मालकास संरक्षण

घराच्या नूतनीकरणाचे पूर्ण पैसे मुख्य कंत्राटदारास देऊनही अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात घरावर बोजा चढू शकतो. कंत्राटदाराने उपकंत्राटदाराचे किंवा साहित्य पुरवठादाराचे देणे थकविल्यास त्यांना ‘मेकॅनिक्स लीन’ नोंदविता येतो. हा हक्क राज्यघटनेनेच दिलेला असल्याने मालकावर दुहेरी भरणा करण्याची वेळ येऊ शकते.

मात्र कायद्याने मालकासही संरक्षण दिले आहे. उपकंत्राटदार व पुरवठादारांनी काम किंवा पुरवठा सुरू झाल्यापासून २० दिवसांत मालकास प्राथमिक सूचना देणे अपेक्षित असते. विलंब झाल्यास सूचनेपूर्वीच्या २० दिवसांतील व त्यानंतरच्या कामापुरताच हक्क उरतो. बोजाची नोंद काम पूर्ण झाल्यापासून ९० दिवसांत व्हावी लागते. मालकाने काम पूर्ण झाल्याची विहित सूचना वेळेत नोंदविल्यास उपकंत्राटदारांसाठी ही मुदत ३० दिवसांवर येते. नोंदीनंतर ९० दिवसांत दावा दाखल न केल्यास बोजा अंमलबजावणीयोग्य राहत नाही.

सामान्यतः आगाऊ रक्कम कराराच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांपैकी जी कमी असेल तिच्याहून अधिक घेता येत नाही. प्रत्येक हप्त्यासोबत सूचना देणाऱ्या प्रत्येकाकडून विहित नमुन्यात हक्कमुक्तीपत्र घेणे किंवा कंत्राटदार व उपकंत्राटदार यांच्या संयुक्त नावे धनादेश देणे, हे मालकाच्या हातातील उपाय होत.